शालूताई, तुझा आवाज कोणत्या स्पीकरवर लावू?

प्रिय शालूताई,

हे पत्र तुला आहे. पण तुला जाऊन उद्या वर्ष होतं, त्या पुण्यानुमोदनाला ते विहारात मोठ्याने वाचलं जाणार आहे, म्हणून आधी तुझ्या शेजारणींना हाक मारते. मग तुझ्याकडे येते.

मागच्या रांगेत बसणाऱ्या बायांनो! खर्डीच्या, शहापूरच्या, मुरबाडच्या, लेकरू मांडीवर घेऊन दारापाशी बसणाऱ्या, चपलांच्या ढिगाशेजारी बसणाऱ्या माझ्या आयाबहिणींनो! आपली सगळ्यांची तक्रार एकच आहे, आणि ती आपण कधी कुणासमोर मांडली नाही. इतकी वर्षं आपण सभांना गेलो, जयंतीला गेलो, लग्नांना आणि मयतीनंतरच्या जलदानाला गेलो. आपल्या वाट्याला आवाज आला, शब्द आला नाही. छाती हादरली, डोक्यावरचा पत्रा हादरला, आणि बोलणारा काय बोलला ते घरी जाऊन पुढच्या रांगेतल्या पुरुषांना विचारावं लागलं. त्यांनी सांगितलं, चांगलं बोलला. बस्स, एवढंच!

ताई, तू मात्र घरी जाईपर्यंत थांबायची नाहीस.

माझं पहिलं भाषण तुला आठवतं का? मुरबाडच्या शाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते आणि तुझ्या सासरच्या गावात, याच विहारात, मला बोलायला बोलावलं होतं. वाचनालयातली पुस्तकं पालथी घालून मी तयारी केली होती. समोर सतरंज्यांवर गाव बसलेलं, माझ्या तोंडात आग, आणि तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक हात वर आला. मला वाटलं, कुणाला तरी शंका आहे. माझं भाषण इतकं पोचलं की शंका निघाली! आणि तू उभी राहिलीस. पदर खोचून म्हणालीस, "विशू, ऐकू नाय येत."

सभा हसली. समितीच्या अध्यक्षांनी तुला समजावलं की बसा, आवाज तर सगळीकडे येतोय.

"आवाज येतो ओ," तू म्हणालीस. "बोलणं नाय येत."

त्या दिवशी मी तुझ्यावर किती चिडले होते! जेवायला वाढताना तू वर मलाच विचारलंस की 'बंधूंनो' कळलं आणि 'एवढं बोलून' कळलं, मधे काय होतं गो? तुझ्या सासूबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या.

पण त्या दिवसापासून या विहारात एक रीत पडली. माईकवर कुणीही उभा राहो, तो आधी मागच्या रांगेकडे बघायचा. तुझा हात खाली असेल तर सुरुवात. हात वर गेला की कर्णा फिरवा, माईक बदला, पंखा बंद करा. मोठमोठे वक्ते तुझ्या हाताला भ्यायचे. मीही भ्यायचे.

आता वर्ष होत आलं, विहारात एकही हात वर झालेला नाही. म्हणजे सगळ्यांना ऐकू यायला लागलं, असं समजू का मी?

हे सगळं आत्ताच का लिहिते आहे, ते सांगते. कारण आई आहे.

आईच्या कानांचं तुला ठाऊकच आहे. शेवटी शेवटी तूच तिच्याशी कानाजवळ तोंड नेऊन बोलायचीस. आता ते आणखी उतरलेत. कानाचं यंत्र लावलं की माणसापेक्षा भांडीच जास्त ऐकू येतात म्हणते आणि काढून डबीत ठेवते. कानाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जे उरलंय तेही फार दिवस राहणार नाही. मी दर शनिवारी मुरबाडहून शहापूरला येते, तिथून जीपने खर्डीकडे, तुझ्या घरी, आई अजून तिथेच राहते. आई ओट्यावर बसलेली असते. मागच्या महिन्यात तिने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "शालूचा चेहरा ध्यानात हाय गो. आवाज सुटत चाललाय."

मग म्हणाली की तिचा आवाज कुठे असंल तर मला एकदा ऐकव. कान हायत तवर.

मी आयुष्यभर बोलत आले, ताई. त्या दिवशी मी भाषण न करता उठले आणि तडक शेजारी गेले.

तुझा आवाज होता. तुझ्या शेवटच्या वर्षावासात, पावसाळ्यात, तू विहारात ग्रंथ वाचायला बसायचीस, तेव्हा शेजारच्या पूनमने एकदा मोबाइल तुझ्यापाशी ठेवून वाचन भरून घेतलं होतं. सुरुवातीला तू विचारतेस, "बायांनो, मागं ऐकू येतंय का?" आणि मग वाचायला लागतेस. चार शब्द, मग थांबणं. पुन्हा चार शब्द, पुन्हा थांबणं. तुझ्या त्या थांबण्याचं अख्ख्या तालुक्यात कौतुक होतं. मी स्वतः शहापूरच्या एका सभेत सांगितलं होतं की वाचन शिकायचं तर माझ्या ताईकडून शिका, ती शब्द फेकत नाही, ठेवते, आणि तो समोरच्याच्या मनात बसेपर्यंत थांबते. टाळ्या पडल्या होत्या.

हे लक्षात ठेव. मला यावर परत यायचं आहे.

मोबाइल आईच्या कानाला लावला. तिने बराच वेळ धरला आणि परत दिला. मुंग्या चालल्यासारखं वाटतं म्हणाली.

तेव्हा तुझा सिद्धार्थ पुढे झाला. भिवंडीच्या गोदामातली पाळी करून आला होता, डोळे लाल होते, तरी म्हणाला की मावशी, तू काळजी करू नको, मी आणतो. पुढच्या शनिवारी मी आले तर घरात एक खोका उभा! आईच्या कमरेएवढा. खाली चाकं, वर धरायला दांडी, पोटात एकावर एक दोन मोठे स्पीकर आणि त्यांच्याभोवती रंग बदलणारे दिवे. वायर लागत नाही, लाइट गेली तरी बॅटरीवर चालतो. पोरगा खूश होता. विहार समितीलाही नवीन साउंड घ्यायचाच होता, हाच पसंत पडला तर समितीनेही असाच घ्यायचा असं ठरलं होतं.

खोका चालू केला की आधी त्यातली एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगते, मोबाइल जोडला गेला वगैरे. आई लगेच म्हणाली, "ही शालू नाय."

"आजी, ती मशीनची बाई हाय," सिद्धार्थ म्हणाला. "थांब, आय आता येल."

मग तू आलीस. घर भरून आलीस. मांडणीवरच्या ताटल्या वाजल्या. आई मान तिरकी करून ऐकत राहिली आणि म्हणाली, "ही पण मशीनचीच हाय काय?"

हसू नकोस, ताई. आम्ही हसलो नाही.

मी डोळे मिटून ऐकलं तेव्हा आईचं म्हणणं पटलं. तो पाण्याच्या पिंपात तोंड घालून बोलणाऱ्या बाईचा आवाज होता. 'भ' आणि 'ब' दगडासारखे आदळत होते. 'स' आणि 'श' घासून गेले होते. बाईच्या आवाजात जी धार असते, जिच्यामुळे चार बाया एकदम बोलत असल्या तरी आपली कोणती ते कळतं, ती धारच नव्हती. आणि तू थांबलीस की खोका थांबत नव्हता, तो आपला घुमत राहायचा. तुझ्या दोन वाक्यांमधली जागा त्याने गुरगुरून भरून टाकली होती.

इथे मी पेटले. तुझी बहीण आहे, पेटायला किती वेळ लागतो! सिद्धार्थला म्हणाले की आपल्या लोकांना कायम हेच मिळालं आहे, शब्दाच्या जागी दणका. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, माझ्यासमोर भाषण नको. दुसरा काय घेयाचा ते सांग."

मग आम्ही शहापूरच्या दुकानात गेलो. तुला तिथे न्यायला हवं होतं, तुझा हात सारखा वरच राहिला असता. दुकानदार प्रत्येक स्पीकरवर तेच एक गाणं लावायचा, दणदणीत, आवाज पूर्ण वर, आणि आपल्या तोंडाकडे बघायचा. जो जास्त हादरवेल तो भारी. गिऱ्हाइकंही तसंच निवडत होती. एकजण तर छातीवर हात ठेवून बघत होता. मी सांगितलं की यावर माझ्या बहिणीचं वाचन लावा. तो म्हणाला, "मॅडम, याच्यावर वाचन कोण ऐकतं?"

त्याला उत्तर मिळालं. ते तू ऐकलं नाहीस हे बरं झालं, फार लांबलं. पण त्या भल्या माणसाने वाद घातला नाही, एकामागून एक तुझं वाचन लावलं. आणि खरं ते सांगायला हवं, खोके सगळे सारखे वाईट नव्हते. एकाचा बेस, म्हणजे तो जाड दणका, त्याने अगदी खाली आणला तेव्हा तोही बराचसा माणसात आला. हातात मावणारे गोल डबे होते, त्यांत शब्द सुटे कळत होते, पण दोन हात लांब गेलं की क्षीण व्हायचे.

कोपऱ्यात एक जोडी होती. कुणी विचारत नाही म्हणून वर धूळ. उभ्या ठेवलेल्या दोन विटांपेक्षा थोड्या मोठ्या, लाकडी पेट्या. पुस्तकांच्या फळीवर बसतात म्हणून त्यांना बुकशेल्फ स्पीकर म्हणतात. प्रत्येक पेटीत खाली एक मध्यम स्पीकर आणि वर बारीक आवाजासाठी अंगठ्याच्या पेराएवढा दुसरा. दिवे नाहीत, चाकं नाहीत, बॅटरी नाही, दोघींमध्ये वायर. किंमत जवळपास खोक्याएवढीच. तुझं वाचन त्यांच्यावर लागलं आणि सिद्धार्थ पहिल्यांदा मोबाइलमधून मान वर करून बघायला लागला. दुकानदार म्हणाला, घरी न्या, कार्यक्रम होईपर्यंत ठेवा, नाही पटली तर आणून द्या.

घरी आणली आणि आम्ही काय केलं असेल? कपाटावर चढवली! आपल्याकडे बोलणारी वस्तू म्हणजे उंचावरच ना. कर्णा आंब्याच्या झाडावर, भोंगा खांबावर, मग हीसुद्धा कपाटावर, पार भिंतीला टेकवून. आई खाली पाटावर, आणि तू तिच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीशी बोलत होतीस. भिंतीपाशी आवाजही पुन्हा फुगला, पिंप परत आलं. आईने हात झटकला. सिद्धार्थ म्हणाला, "मावशी, तुझी जोडी नापास."

माझा अभिमान दुखावला, आणि मी तुझी रीत वापरली. मी जाऊन आईशेजारी जमिनीवर बसले, तिचे कान जिथे होते तिथे माझे कान नेले. तिथे काहीच पोचत नव्हतं. मग पेट्या खाली उतरवल्या, भिंतीपासून पुढे ओढल्या, दोन स्टुलांवर बसलेल्या बाईच्या कानाएवढ्या उंचीवर ठेवल्या आणि दोन्ही जराशा आईकडे वळवल्या. सिद्धार्थने पुन्हा सुरुवात लावली.

"बायांनो, मागं ऐकू येतंय का?"

ताई, तू दोन पेट्यांच्या मध्ये, जिथे काहीच नव्हतं, तिथे येऊन बसलीस.

आई हलली नाही. तू वाचायला लागलीस. चार शब्द, मग थांबलीस. त्या थांबण्यात आता घुमणं नव्हतं. त्यात तू होतीस. नाकातून ओढलेला श्वास, छातीतली बारीक शीळ, घोटभर थुंकी गिळणं, आणि मग पुढचे चार शब्द, थोडे घाईघाईचे, श्वास संपायच्या आत उरकलेले.

आईने त्या रिकाम्या जागेकडे बघून म्हटलं, "बस गो शालू. दम खा जरा. मंग वाच."

सिद्धार्थने बंद केलं.

मला माझ्या शहापूरच्या सभेतल्या टाळ्या आठवत होत्या. शब्द ठेवते म्हणे, बसेपर्यंत थांबते म्हणे! तू थांबत होतीस कारण तुला दम पुरत नव्हता. तू गेलीस तेव्हा डॉक्टर म्हणालेच होते की हृदय कित्येक महिने थकलेलं असणार. आम्ही त्या थकण्याला शैली म्हटलं. मी, जिने आवाजावर आणि बोलण्यावर एवढी पुस्तकं वाचली, तिने म्हटलं. आणि अख्ख्या विहाराने रोज समोर बसून मान डोलावली.

पण ताई, माझा तुझ्यावरही राग आहे. आज तो सांगणारच. दुसऱ्याचा एक शब्द कमी आला तर तू भरसभेत उभी राहिलीस. अध्यक्षांना नाही भ्यालीस, वक्त्यांना नाही भ्यालीस. मग स्वतःच्या श्वासासाठी हात का नाही वर केलास? तू स्वयंपाकाला होतीस त्या आश्रमशाळेत ती भली मोठी पातेली उतरवताना तू भिंत धरायचीस, खर्डी स्टेशनचा पूल चढताना मधे उभी राहून डोंगर बघायचीस. मी विचारलं तर म्हणायचीस, वय झालं गो. किती वय होतं तुझं? आपली आई पाटावर बसून तुला दम खायला सांगते आहे आणि तू नाहीस. हा कुठला हिशेब?

सिद्धार्थ ओट्यावर जाऊन बसला होता. मी गेले तर मान वर न करता म्हणाला, "मावशी, कार्यक्रमाला खोकाच लावू. त्याच्यात हे ऐकू येत नाय."

मी म्हटलं, म्हणूनच तो लावायचा नाही. बाईचा दम ऐकूच येणार नाही असं यंत्र आपण आपल्या हाताने विकत घेऊन विहारात ठेवायचं का? आणि आई? तिला जी ओळखता येते ती शालू द्यायची, की मशीनची बाई? मी बोलत सुटले. लग्न, सासर, चूल, इतिहास, सगळं आलं त्यात. माझं एकही वाक्य खोटं नव्हतं.

तो ऐकून घेऊन म्हणाला, "तुला त्याच्यात भाषण दिसतं, मावशी. मला माझी आय दमलेली दिसते. ती गावाला कशाला दाखवू?"

ताई, तो तुझा मुलगा आहे. रोज तुझ्या हातचं खाऊन पाळीला जात होता, रोज तुझा आवाज ऐकत होता, आणि एका लाकडी पेटीने त्याला दाखवलं की त्याने काय ऐकलं नाही. त्याला त्या पेटीचा राग येणार नाही तर काय? मी आत जाऊन ताटं घेतली. जेवण झालं, झोपलो. जोडी स्टुलांवर तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आपली आपण पाटावर जाऊन बसली आणि म्हणाली, लाव. सिद्धार्थने माझ्याकडे न बघता खोका लावला. अजून त्याला आशा होती. आईने ऐकलं आणि बोट हलवलं. "ती दुसरी."

मग त्याने जोडी लावली.

आईने पुढे सरकून डाव्या पेटीवर तळहात ठेवला, पोराच्या पाठीवर ठेवावा तसा. तू वाचत होतीस. तू थांबलीस की आई दुसरा हात आमच्याकडे उचलायची, थांबा म्हणून. तू श्वास घ्यायचीस, आईही घ्यायची. मग तू वाचायचीस आणि तिचा हात खाली यायचा. दरवेळी. तिला घाई नव्हती. तुझ्यासाठी थांबायचं राहून गेलं होतं ते ती आता थांबून घेत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण नुसतं दुःख नव्हतं. तिचा सुटत चाललेला आवाज परत हाताला लागला होता.

सिद्धार्थ उंबऱ्यावर टेकला. त्याने बंद केलं नाही. त्यामुळे आम्ही तिघांनी ते वाचन पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. आणि शेवटी, पुस्तक मिटल्याचा आवाज आल्यावर, तू काय म्हणालीस ते तुला तरी आठवत असेल का?

"कळलं का? नाय कळलं तर हात वर करा. मी परत वाचते. मला काय घाई नाय."

एवढा दम लागलेला असताना!

सिद्धार्थ उंबऱ्यावरून उठून पेट्यांपाशी आला. मग विचारलं, "मागच्या रांगेपर्यंत पोचंल का गो हा आवाज?"

त्याच दिवशी खोक्याबरोबर जोडीही विहारात नेली. आणि तिथे तिचाही तोरा उतरला, ते सांगायला हवं. आमच्या खोलीत आईपुढे जी जिवंत होती, ती पत्र्याखाली, पंखे गरगरत असताना, तिसऱ्या रांगेच्या पुढे पोचेना. आवाज पूर्ण वर नेला तर किंचाळायला लागली. बाजूला बसलं तर एकच पेटी ऐकू यायची. खोक्याचा आवाज मात्र आरामात रस्त्यापर्यंत गेला. एका दमात दोघांचे गुणदोष समोर आले. दूर न्यायचं असेल तर खोका, जवळचं खरं ऐकायचं असेल तर जोडी. आणि आपल्याला तर खरं ऐकवायचं होतं, तेही मागच्या रांगेला!

मी म्हणाले, आणखी मोठी जोडी आणू. सिद्धार्थ मधोमध उभा होता. म्हणाला, "नको. लोकांनाच जवळ बसवू."

त्याने स्टेजकडे बघितलंच नाही. स्टेजसमोरच्या भिंतीच्या मध्यावर, भिंत सोडून पुढे, दोन स्टुलं ठेवली. वर पेट्या. सतरंज्या अर्ध्या गोलात वळवून टाकल्या. पंखे बंद, खिडक्या उघड्या. समितीतले काही जण कुरकुरले की कार्यक्रमाला स्टेजकडे पाठ करून बसायचं म्हणजे काय, पाहुणे काय म्हणतील. सिद्धार्थने त्यांना सांगितलं की पाहुणेपण खालीच बसतील, माझ्या आयचा कार्यक्रम हाय. पूनम आणि तिच्या जावा येऊन बसून बघून गेल्या. दारापाशी जिथे तू बसायचीस, तिथून दोन पेट्या आता हाकेच्या अंतरावर आहेत. जे आत मावणार नाहीत त्यांच्यासाठी खोका अंगणात राहील, दिवे बंद करून, बेस पार खाली आणून, वंदना त्यांनाही कळेल इतक्या आवाजात. तोही वाया जाणार नाही. त्याला कुणी नीट वापरलंच नव्हतं.

नवीन साउंडचं समिती उद्यानंतर ठरवणार आहे. मी सांगून ठेवलं आहे की गाणं लावून घ्यायचा नाही. एखाद्या बाईचं साधं बोलणं लावायचं आणि शेवटच्या रांगेत बसून निवडायचा.

तरी मला धास्ती वाटते, ताई. उद्या तुझा दम साऱ्या गावाला ऐकू येईल. कुणी रडेल, कुणी म्हणेल हे लावायला नको होतं. आपण बरोबर करतो आहोत का, हे मी त्याला काल पुन्हा विचारलं. तो म्हणाला, आजीला ओळख पटते ना, बस. तुझं काय म्हणणं आहे? तू असतीस तर हो म्हणाली असतीस की विशू, बंद कर गो म्हणाली असतीस? हे एक मला कुठल्याही स्पीकरवर ऐकू येणार नाही.

आई पहिल्या रांगेत असेल, पाटावर, डाव्या पेटीशेजारी. ती हात उचलेल तेव्हा सगळ्यांनी गप्प राहायचं आहे. तू श्वास घेत असशील.

आणि माझं वचन. यापुढे मी कुठल्याही माईकवर उभी राहिले तरी पहिलं वाक्य तुझं असेल, बायांनो, मागं ऐकू येतंय का. आणि समोरची बाई बोलता बोलता थांबली तर टाळी वाजवण्याआधी मी तिच्याजवळ जाऊन विचारीन, काय गो, दम लागतोय का तुला?

बायांनो, आता तुमच्याकडे येते. उद्या शालूताईचं वाचन संपेल आणि ती विचारेल, कळलं का. लाजू नका, शेजारणीकडे बघू नका, पुरुष काय म्हणतील ते बघू नका. ज्यांना एक शब्दही कमी पोचला असेल, त्यांनी आपला हात वर करा. ती म्हणाली आहे, परत वाचीन. आम्ही परत लावू.

तुझ्याशेजारची चपलांजवळची जागा धरून बसलेली तुझी धाकटी,
विशू